पाडव्याआधीचा चैत्र

लहान मूल घेऊन प्रवास करू नये, असं माझं मुळीच मत नाही. प्रवासात लहान मुलाचा कोणालाच त्रास नसतो. ते झोपतं, उठतं, रडतं आणि पुन्हा झोपतं. खरा त्रास असतो तो त्याच्याबरोबर निघालेल्या दोन सुशिक्षित माणसांचा, आणि त्यातही ज्याला पंचांग वाचता येतं अशा सुशिक्षिताचा. आमच्या घरात तो मी.

जायचं होतं मुरलीपुऱ्याहून चाकसूला. जयपूरच्या एका टोकाहून निघायचं, शहर ओलांडायचं, टोंक रोडला लागायचं की फार तर दोन तासांत माणूस पोचतो. मी त्याच रस्त्यावर सीतापुऱ्यापर्यंत रोज नोकरीला जातो, आणि तेही एका खांद्याला एक बॅग लावून. पण बाळाला घेऊन निघालं की रस्ता तोच राहत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांनी सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं.

चाकसूला माझी रत्नप्रभा आत्या राहते. तिचे यजमान सदाशिवकाका टेलिफोन खात्यात होते. कराडहून बदली होऊन इकडे आले, निवृत्त झाल्यावर परत जायचं म्हणून सामान बांधलं, मग कंटाळा येऊन ते सोडलं आणि चाकसूलाच घर बांधलं. त्यांना मूलबाळ नाही. आमची अवनी झाली तेव्हा आत्यानं फोनवर एकच गोष्ट मागितली. "वरुण, पोरीचं उष्टावण माझ्या हातून होऊ दे. या घरात आजवर कोणाचं पहिलं असं काहीच झालेलं नाही रे." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी नुसता 'हो' म्हणून फोन ठेवला.

आता उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास. चांदीची वाटी, तांदळाची खीर आणि भरवणारा मामा, अशी रीत. अवनीचा मामा निलय टोरांटोला असतो. त्याला विचारलं तर त्यानं व्हॉट्सअॅपवर एक अंगठा पाठवला. हा अंगठा होकाराचा की हजेरीचा यावर माझ्या सासुरवाडीत दोन दिवस खल झाला आणि शेवटी तो हक्कसोड म्हणून ग्राह्य धरण्यात आला. मान आत्याकडे आला.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचव्यात अवनीला सर्दी होती. सहा महिने पुरे झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता भरवायला लागा. पण आत्यासाठी माझी बायको प्रणिता थांबली, आणि आपण थांबलो आहोत हे तिनं मला रोज दोन्ही जेवणांच्या वेळी सांगितलं. सातवा महिना संपत आला होता. अवनी आमच्या ताटाकडे अशी बघायची की मला पोळी भिंतीकडे तोंड करून खावी लागे. एकंदरीत, याच आठवड्यात त्या मुलीच्या तोंडात आत्याच्या हातचा घास पडायला हवा होता.

अडचण एकच होती. आत्यानं दिवाळीतच बजावून ठेवलं होतं, "कधीही या, फक्त चैत्र वद्य अष्टमीला येऊ नका. शीतलामातेची जत्रा असते, लाखांनी माणूस येतं, गावात पाय ठेवायला जागा नसते." मी अशा बाबतीत हयगय करत नाही. आई दरवर्षी कराडहून मराठी कॅलेंडर पाठवते, ते जानेवारीत भिंतीवर लागल्या लागल्या मी चैत्र वद्य अष्टमी शोधली. ती एप्रिलमध्ये होती. त्या चौकोनावर मी लाल पेनानं फुली मारली आणि प्रणिताला बोलावून दाखवली. नियोजन, नियोजन म्हणतात ते हेच, असंही म्हणालो. ते वाक्य तिनं लक्षात ठेवलं हे मला पुढे कळलं.

होळी झाली. मार्चचा पहिला आठवडा संपला आणि ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला की बुधवारी लोकल हॉलिडे. सुट्टीचं कारण विचारणारा माणूस मी अजून कुठल्याही नोकरीत पाहिलेला नाही. मीही अंगठा पाठवला. येत्या रविवारी प्रणिताला काम होतं, त्यापुढच्या शनिवारी सातवा महिना संपत होता, आणि मध्येच हा बुधवार आपणहून चालत आला होता. सुट्टीचा दिवस, रस्ते मोकळे. मला तर यात देवाचा हात दिसला. दिसला तो बरोबरच होता, फक्त देवी कोणती ते मी बघितलं नाही.

"आत्याला फोन करून सांगूया," प्रणिता म्हणाली.

"अजिबात नको. दार उघडलं की समोर अवनी. आत्याला आश्चर्याचा धक्का बसला पाहिजे."

त्या दिवशी धक्के पुष्कळ बसले. आत्याच्या वाट्याला त्यातला एकच आला.

आमचे घरमालक शेखावतजी खाली राहतात. त्यांच्या पत्नी विमल आंटी. माणसं सोन्यासारखी, फक्त त्यांना आमच्या प्रत्येक गोष्टीवर मत असतं. चाकसूला जाणार म्हटल्यावर शेखावतजींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"चाकसू? भाईसाब, मेले में मत फँस जाना. चैत बदी अष्टमी को पूरा ढूँढाड़, मतलब ये सारा इलाका, उधर जाता है."

"वो तो अगले महीने है, अंकलजी. कैलेंडर में देखा है."

"अगले महीने? चैत तो लग गया."

मी हसलो. मला त्यांची जरा कीवच आली. अजून गुढीपाडवा व्हायचा होता, आणि चैत्र सुरू होतो तो पाडव्याला, हे कराडात शेंबडं पोरही सांगेल. "अंकलजी, अभी तो हमारी गुढी भी नहीं लगी," मी म्हणालो. त्यांनी विचारलं गुढी म्हणजे काय. मग मी काठी, साडी, तांब्या, कडुनिंब, साखरेची माळ असं सगळं विस्तारानं सांगितलं. तांब्या उलटा का, हे त्यांनी दोनदा विचारलं. त्यात जत्रा राहून गेली.

सामानाला सोमवारपासून सुरुवात झाली. प्रणिता काँप्युटरवर मोठमोठ्या कंपन्यांची कामं सांभाळते, त्यामुळे तिचा कशावरच विश्वास नाही. तिनं बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र घेतलं, ते बिघडलं तर म्हणून इलेक्ट्रिक किटली घेतली, उकळून गार केलेलं पाणी, उकळलेली चांदीची वाटी, खिरीसाठी घरी धुऊन वाळवून कुटलेला तांदूळ, बसायची खुर्ची, झोपायची गादी आणि आंघोळीचा टब घेतला. एका दिवसासाठी टब कशाला, असं मी विचारलं नाही, कारण लग्नाला चार वर्षं झाली आहेत. शेजाऱ्यांनी सल्ले दिले ते वेगळे. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई म्हणाल्या, टायरखाली लिंबू ठेवा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला रोज गोपालपुऱ्याला जातात. ते म्हणाले, लिंबू दोन ठेवा.

मंगळवारी खाली विमल आंटींच्या स्वयंपाकघरात सकाळपासून कढई चढलेली होती. पुऱ्या, भजी, गोड भात. वास जिन्यानं वर येत होता. पाहुणे येणार असतील, असं मी म्हटलं. दुपारी प्रणिताची मीटिंग होती तेव्हा अवनीला अर्धा तास खाली आंटींकडे ठेवलं. वर आली ती भलतीच खुशीत होती आणि तिच्या गालाला काहीतरी चिकट लागलेलं होतं. आंटींनी साय लावली असेल, असं म्हणून प्रणितानं ते ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं.

बुधवारी सकाळी निघालो. खाली शेखावतांच्या दाराला कुलूप. एवढ्या सकाळी सगळं कुटुंब कुठे गेलं, कोण जाणे. आमच्या पायरीवर मात्र एक झाकलेलं ताट ठेवलेलं होतं. पुऱ्या, भजी आणि वाटीत दह्यातला गोड भात. प्रणितानं पुरीला बोट लावलं.

"थंडगार आहे. वरुण, हे कालचं आहे."

"पाहुणे आले नसतील. उरलं असेल."

"म्हणून शिळं आपल्याला?" प्रणिता दुखावली. मीही दुखावलो. दोन वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या माणसाला कोणी शिळं वाढत नाही. ताट फ्रीजमध्ये ठेवलं, टायरखाली दोन लिंबं चिरडली आणि आम्ही स्वाभिमानानं निघालो.

सांगानेर ओलांडेपर्यंत रस्ता मोकळा होता आणि मी तसं दोनदा बोलून दाखवलं. मग ट्रॅक्टर दिसायला लागले. प्रत्येकाच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत वीस-पंचवीस बायका, लाल-पिवळ्या ओढण्या, आणि एका ट्रॉलीवर माणसाच्या उंचीचे स्पीकर.

"लग्न असेल कोणाचं तरी," मी म्हणालो.

थोडं पुढे गेलो तर रस्त्याच्या कडेनं माणसं पायी चालली होती. डोक्यावर मडकी, हातात झेंडे, काखेत पोरं. रांगेला ना पुढचं टोक दिसत होतं ना मागचं.

"वरुण," प्रणिता शांतपणे म्हणाली, "सगळ्यांचंच लग्न आहे का?"

त्यानंतर गाडी थांबली. आधी जरा जरा सरकायची, मग तेही बंद झालं. पुढे लोखंडी अडथळे आणि एक हवालदार. त्यानं काठीनं आम्हाला डावीकडच्या शेताकडे वळवलं.

"मेला पार्किंग उधर."

"हमें मेले में नहीं जाना. बुआजी के यहाँ जाना है."

"आज सबकी बुआजी उधर ही रहती हैं," तो म्हणाला. "लोकल हो तो पास दिखाओ."

"पास कहाँ मिलता है?"

"तहसील में."

"तहसील किधर है?"

"बंद है. मेले की छुट्टी है ना आज."

मी फोन काढून ऑफिसचा तो निरोप उघडला. खाली 'आणखी वाचा' असं होतं, ते आजवर मी कधी वाचलेलं नव्हतं. आता वाचलं. शीतलाष्टमीनिमित्त स्थानिक सुट्टी.

"आज कौनसी तिथि है?" मी विचारलं.

"चैत बदी अष्टमी."

"लेकिन चैत्र तो अभी..." मी सुरुवात केली. मागे अठ्ठावीस ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होते, कदाचित जास्तही असतील. हवालदारानं माझ्याकडे, मग प्रणिताकडे, मग मागच्या काचेला चिकटलेल्या टबाकडे बघितलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "बाईसा, इनको धूप लग गई है. पानी पिलाओ."

प्रणितानं मला पाणी दिलं. उकळून गार केलेलं, अवनीचं. एवढ्यावरून तिच्या रागाची कल्पना यावी.

गाडी मोहरीच्या कापलेल्या शेतात लावली. चाकसू अजून बरंच लांब होतं. परत फिरावं तर परतीचा रस्ता आमच्या मागे आलेल्यांनी भरून टाकलेला. मी टब डोक्यावर घेतला, टबात किटली, खुर्ची आणि गादी. प्रणिताकडे अवनी आणि बाटल्यांचं यंत्र. शेतातून रस्त्यावर आलो तेव्हा मला पाहून एका माणसानं हात जोडले. माझा काहीतरी अवघड नवस असावा, असं त्याला वाटलं.

फार चालावं लागलं नाही. एका ट्रॉलीतल्या बायकांनी अवनीला पाहिलं आणि ट्रॅक्टर थांबवायला लावला. फागी गावाकडच्या होत्या सगळ्या. आत्याचं घर डूंगरीच्या, म्हणजे देवीच्या टेकडीच्या, वाटेवर आहे म्हटल्यावर त्यांनी आम्हाला सामानासकट वर ओढलं. सामान काढून टब मध्ये ठेवला, त्यात लगेच तीन पोरं बसली. सगळ्यात म्हाताऱ्या बाईंना बाकीच्या 'भंवरी माजी' म्हणत होत्या. त्यांनी अवनीला प्रणिताच्या हातातून कधी घेतलं हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

ट्रॉलीत सगळ्या जेवत होत्या. पुऱ्या, बाजरीच्या पेजेसारखी राब, दह्यातला गोड भात. सगळं थंडगार, सगळं कालचं. मला फ्रीजमधलं ताट आठवलं आणि कानशिलं गरम झाली. आंटींनी आम्हाला उरलंसुरलं वाढलं नव्हतं. आज यांच्यात कोणीच चूल पेटवत नाही, आदल्या दिवशी रांधतात आणि आज देवीला दाखवून तेच थंड खातात, हे मला टबातल्या एका पोरानं सांगितलं.

अवनीनं ते ताट बघितलं आणि भोकाड पसरलं.

"टाबर भूखो छै, बींदणी," लेकरू भुकेलंय, सूनबाई, असं माजी प्रणिताला म्हणाल्या, आणि बोट दहीभातात बुडवलं. "थोड़ो सो चाखबा दे."

बोट निघालं होतं. आत्याचा तो साधा आवाज माझ्या कानात होता, या घरात कोणाचं पहिलं असं काहीच झालेलं नाही रे. हात धरावा तर माजी ऐंशीच्या घरातल्या, परकी बाई, भरली ट्रॉली. अवनीचं तोंड उघडलं होतं. मी पुढे झुकलो आणि ते बोट स्वतःच्या तोंडात घेतलं.

मी चौतीस वर्षांचा आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसं काम करतात. भात चांगला होता, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

"ओ भी भूखो छै," माजी शेवटी म्हणाल्या, आणि त्यांनी मला आणखी एक घास दिला. तोही मी खाल्ला. चाकसू येईपर्यंत मला चार पुऱ्या आणि एक वाटी राब भरवण्यात आली, आणि माजींचा हात अवनीकडे वळला की मी तोंड उघडत होतो. प्रणिता आयुष्यात पहिल्यांदाच मला ओळखत नसल्यासारखी दुसरीकडे बघत बसली.

आत्याच्या दारात उतरलो तेव्हा दार उघडंच होतं. अंगणात वीसएक माणसं, कोणी झोपलेलं, कोणी जेवणारं. आत्या मडक्यातून पाणी काढून देत होती. तिनं वर बघितलं. आधी टब दिसला, मग त्याखालचा मी, मग प्रणिताच्या कडेवरची अवनी. हातातला तांब्या तसाच राहिला.

"अरे देवा," आत्या म्हणाली. "आज?"

आणि ती रडायला लागली. मग हसायला लागली, मग पुन्हा रडायला. तिनं अवनीला घेतलं आणि तिचा वास घेत उभी राहिली. इतक्या वर्षांत मी आत्याला असं पाहिलेलं नव्हतं. टब डोक्यावरून उतरवायचं मला सुचलं नाही.

सदाशिवकाकांनी मला बाजूला घेऊन खुलासा केला. "आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. होळी झाली की यांचा चैत लागला. आपण मात्र पाडव्यापर्यंत फाल्गुनातच. वद्य अष्टमी एकच, फक्त नाव वेगळं. मीही पहिल्या वर्षी फसलो होतो. जत्रेच्या दिवशी टेलिफोनचे खांब तपासायला निघालो." ते खांब कुठवर तपासून झाले हे सांगायला लागले, पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रणिताचा आवाज आला आणि आम्ही तिकडे गेलो.

"आत्या, पाच मिनिटं फक्त गॅस लावते. खिरीचं सगळं आणलंय."

आत्या अवनीला घेऊन चुलीच्या ओट्यापुढे उभी होती, जवळजवळ आडवीच. "आज नाही गं पेटत. मतलब, कोणाच्याच घरी नाही. माता थंड राहावी, लेकरांना गोवर-कांजिण्या येऊ नयेत म्हणून असतं हे. सगळं लेकरांसाठीच असतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला नव्हतं, तरी मी पाळलं. गल्लीतल्या पोरांसाठी पाळलं. आज घरात लेकरू आलंय आणि मी आजच चूल पेटवू?"

पण प्रणितालाही सहा महिने डॉक्टरांनी ताजं, गरम, ताजं, गरम हेच सांगितलं होतं, आणि तिच्या हातात उकळलेली वाटी होती. तिचे डोळे भरले. माझ्या बाजूनं मी टब खाली ठेवला.

सदाशिवकाकांनी तोडगा काढला. किटली. "वीज म्हणजे अग्नी नव्हे," ते म्हणाले. "खात्यात याबाबत स्पष्टता आहे. ज्वाला दिसली पाहिजे. किटलीत ज्वाला कुठे आहे?" अंगणातले दोन पाहुणेही चर्चेत आले. एकजण म्हणाला, पाणी तापलं म्हणजे मातेला ताप. दुसरा म्हणाला, मग सूर्याचं काय करणार? काकांनी सूर्य हा मुद्दा मान्य केला. आत्याही डळमळली. काकांनी विजयी मुद्रेनं किटलीची पिन भिंतीत घातली आणि त्याच क्षणी सगळ्या गावची वीज गेली. जत्रेचा भार, असं काका म्हणाले. आत्यानं नुसते हात जोडले.

संध्याकाळपर्यंत वीज येणार नव्हती. शनिवारी महिना संपत होता. परत येणं एवढ्यात शक्य नव्हतं.

"जाऊ दे, प्रणिता," आत्या म्हणाली. "तुझ्या मनाविरुद्ध नको. तू घरी जाऊन गरम खीर कर आणि तूच भरव. मी मांडीवर घेतलं, मला पोचलं." आणि तिनं अवनीचा पाय पदरानं पुसला. पाय स्वच्छच होता.

मला फार वाईट वाटलं. पाडव्याआधी चैत्र नसतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला वाटायला हवं तितकं. मी प्रणिताकडे बघायचंही टाळलं.

प्रणिता ओट्यावरच्या मडक्यापाशी गेली. मडक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं, वर झाकण. तिनं झाकण काढलं, वास घेतला.

"हा दहीभात कालचा म्हणजे कधीचा?"

"रात्रीचा. हात न लावता ठेवलाय."

तिनं चमच्यानं थोडा घेतला, स्वतः खाल्ला. थांबली. आणखी एकदा खाल्ला. मग भात चमच्याच्या पाठीनं बारीक मऊ घोटला, चांदीच्या वाटीत काढला आणि वाटी आत्याच्या हातात दिली. "बसा तुम्ही पाटावर," ती म्हणाली. सहा महिने चमचे वीस मिनिटं उकळणारी बाई.

आत्या पाटावर बसली. अवनी मांडीवर. अंगणातली सगळी माणसं दारात जमली. आत्यानं देवाचं नाव घेतलं आणि चमचा उचलला. चमचा वाटीतून निघतो न निघतो तोच अवनीनं आ केला. केला आणि तसाच ठेवला. घास तोंडात गेला, तिनं मिटक्या मारल्या, आत्याच्या मांडीवर थाप मारली आणि पुन्हा आ केला. दारातल्या बायकांनी गाणं सुरू केलं. आत्याचा हात हवेत क्षणभर थांबला. मग तिनं दुसरा घास दिला, तिसरा दिला. वाटी रिकामी झाली तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि प्रणिता तिच्या खांद्याला धरून बसली होती.

दुपारी गर्दी ओसरली. प्रणिता आणि अवनी आत झोपल्या होत्या. आत्या हौदापाशी वाटी घासत होती. मी जवळ गेलो तशी हळूच म्हणाली, "वरुण, एक सांगू? पोरीचा पहिला घास झालेला आहे."

"म्हणजे?"

"पहिला घास कधी कोणी असा खात नाही. जीभ बाहेर ढकलते, तोंड वेडंवाकडं होतं. गल्लीतल्या किती पोरांना मी भरवलंय. हिनं चमचा बघून आ केला. हिला चव माहीत आहे."

मी हादरलो. भंवरी माजी? पण मी प्रत्येक बोट स्वतः गिळलं होतं. "आत्या, शपथ घेतो, वाटेत कोणाला..."

"शोधत बसू नकोस. देणाऱ्यानं प्रेमानंच दिला असणार." तिनं वाटी पदरानं कोरडी केली. "पहिला मातेचा समज. दुसरा माझा. मला दुसराही पुष्कळ झाला रे." आणि वाटी माझ्या हातात देत म्हणाली, "प्रणिताला सांगू नकोस हं. ती माझ्यासाठी थांबली होती."

निघताना आत्या म्हणाली, "जावळाला या पुढच्या चैत्रात."

"कुठल्या?" मी विचारलं. "आपल्या की इथल्या?"

"फोन करून या," काका म्हणाले.

परतणाऱ्या एका ट्रॉलीनं आम्हाला शेतातल्या गाडीपाशी सोडलं, आणि पुढच्या वाटेवर प्रणिता प्रसन्न होती. आईला फोनवर सगळं सांगत होती. शिळं काय, ताजं काय, मन मोठं लागतं, आणि मुख्य म्हणजे पहिला घास आत्यांच्याच हातचा, त्याला दुसऱ्या कोणाचं बोटसुद्धा लागू दिलं नाही, वरुणनं तर जिवाचं रान केलं. मी रस्त्याकडे बघून गाडी चालवत होतो.

मुरलीपुऱ्याला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. विमल आंटी फाटकातच उभ्या होत्या, हातात छोटी वाटी. शेखावतजी मागे. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि "चैत लग गया, भाईसाब?" एवढंच विचारलं.

प्रणिता अवनीला घेऊन उतरली. अवनीनं आंटींना बघितलं, आंटींच्या हातातली वाटी बघितली आणि हिरड्या दिसतील एवढा मोठा आ केला.

"अरे वाह," विमल आंटी कौतुकानं म्हणाल्या. "कल वाला स्वाद याद है लाडो को."

प्रणितानं अवनीच्या गालाकडे बघितलं, मग वाटीकडे, मग सावकाश वळून माझ्याकडे. मी लगेच गाडीची डिकी उघडली आणि टब उतरवायला घेतला. टबामागे किटली होती, किटलीमागे यंत्र, त्यामागे खुर्ची आणि गादी. सामान भरपूर होतं. एवढं सामान बरोबर घेतल्याबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून तिचे आभार मानले.